नेट गेलं की दोष आपल्याच राउटरचा कसा?

गेल्या तीन महिन्यांत माझ्या एकट्या गल्लीत पाच घरांनी नवीन राउटर घेतले. पाचही जणांना फोनवर एकच सल्ला मिळाला होता, "तुमचा राउटर जुना झालाय, बदलून टाका, प्रॉब्लेम जाईल." एक राउटर अठराशे ते दोन हजारांचा. म्हणजे एका गल्लीतून नऊ-दहा हजार रुपये गेले आणि पाचही घरांचं नेट नव्या राउटरवरसुद्धा पहिल्यासारखंच जात-येत राहिलं. शेजारच्या काकूंनी तर पेन्शनमधून घेतला. मुलगा परदेशात, रात्री नऊला त्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठतं, म्हणून.

कारण निघालं मागच्या गल्लीतल्या एका बिल्डिंगच्या जिन्यात. ते पुढे सांगतोच. पण त्याआधी मुद्दा काय आहे ते स्पष्ट लिहितो, म्हणजे पोस्ट लांब वाटली तरी निदान एवढं वाचून होईल. आपल्या गावातलं नेट खराब आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मात्र कंपनीच्या कागदावर ते उत्तम आहे. आपण तक्रार करतो ती लाइनमन पोराला फोन करून, नाहीतर केबलवाल्याच्या ग्रुपवर "नेट गेलंय का हो?" टाकून. त्याची नोंद कुठेही होत नाही. आणि जे थोडे लोक कस्टमर केअरला फोन करतात त्यांची तक्रार "ग्राहकाच्या उपकरणात दोष" असा शेरा मारून बंद होते. दोष कुठे आहे हे ठरवायचं साधन आपल्या हातात नसल्यामुळे आपण मान डोलावतो आणि राउटर घेऊन येतो.

तर आधी ते साधन.

नेट गेलं की सगळ्यात पहिल्यांदा राउटर बंद-चालू करायचा नाही. हे उलटं वाटेल, पण तो बंद केला की पुरावाच जातो. आधी दिवे बघा आणि मोबाईलने फोटो काढा. फोटोवर वेळ आपोआप नोंदली जाते, तीच पुढे कामाला येते.

आपल्या गावात दोन प्रकारची जोडणी आहे. काही घरांत पिवळी किंवा पांढरी, अगदी बारीक फायबर थेट डब्यापर्यंत येते. काही घरांत, विशेषतः पेठांमधल्या जुन्या जोडण्यांत, फायबर जवळच्या एखाद्या बिल्डिंगच्या गच्चीपर्यंतच येते, तिथे एक स्विचचा डबा असतो आणि तिथून पुढे जाड लॅन केबल घराघरांत जाते. तुमच्याकडे कुठली आहे ते आजच बघून ठेवा. केबलला तुम्ही हात लावू नका म्हणून सांगतील. हात लावायची गरजच नाही, डोळ्यांनी दिसतं. (फायबरचं उघडं टोक मात्र डोळ्यांसमोर धरून आत कधीही बघू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला घातक असतो. घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही सांगून ठेवा.)

फायबर थेट घरात येत असेल तर डब्यावर 'लॉस' आणि 'पॉन' असे दोन दिवे असतात. लॉस लाल झाला म्हणजे प्रकाशच पोहोचत नाही. वायर तुटली, दारात चेपली, उंदराने किंवा वानराने कुरतडली, नाहीतर बाहेरच्या जोडात पाणी गेलं. तिथे राउटर शंभर वेळा चालू-बंद करा, उपयोग शून्य. पॉन लुकलुकतोय पण स्थिर होत नाही, म्हणजे कंपनीच्या यंत्राशी तुमच्या डब्याची ओळख पटत नाहीये. पॉन स्थिर हिरवा आणि तरी नेट नाही, तर भानगड त्याच्या पुढची आहे. पॅकची मुदत संपली असेल, लॉगिन अडकलं असेल, किंवा कंपनीकडेच काहीतरी बंद असेल. यातल्या कुठल्याच बाबतीत नवीन राउटर हा पहिला उपाय ठरत नाही.

लॅन केबलवाल्यांसाठी महत्त्वाचा दिवा 'वॅन'चा. केबल दोन्ही टोकांना जोडलेली आहे आणि दोन्हीकडच्या यंत्रांना वीज आहे, तरच तो लागतो. तुमच्या घरात लाइट आहे, राउटर चालू आहे, पिन घट्ट आहे आणि तरी वॅनचा दिवा विझलेला आहे, तर गच्चीवरचा डबा झोपला असण्याची किंवा मधली केबल गेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

सगळेच दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील, म्हणजे राउटर स्वतःच बंद पडून चालू होत असेल, तर मात्र दोष घरात आहे. आणि बहुतेक वेळा तो राउटरमध्ये नसून त्याच्या अडॅप्टरमध्ये असतो. आपल्याकडे विजेचा दाब ज्या प्रकारे वर-खाली होतो, त्यात दोन-तीन वर्षांत अडॅप्टर दमतो. राउटरच्या बुडाला लिहिलेलं असतं, १२ व्होल्ट १ अँपिअर किंवा ९ व्होल्ट अमुक. तेवढ्याच व्होल्टचा, अँपिअर तेवढे किंवा जास्त असलेला घ्या. दोन-अडीचशेत काम होतं. पिन बसते म्हणून टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सचा लावू नका, व्होल्ट वेगळे निघाले तर राउटर खरोखरच जळेल.

आता वाय-फाय आणि इंटरनेट यातला फरक. आपण दोन्हीला 'नेट'च म्हणतो आणि तिथेच फसतो. नेट अडकलं की मोबाईलमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता टाकून बघा (तुमचा कुठला ते राउटरच्या बुडाला लिहिलेलं असतं). राउटरचं स्वतःचं पान उघडलं पण बाहेरचं काही उघडत नाही, तर तुमचं वाय-फाय ठणठणीत आहे, तक्रार बाहेरची आहे. ते पानसुद्धा उघडत नसेल तर घरातलं वाय-फाय बघा. त्यात फार शास्त्र नाही. वाड्याच्या दोन फुटी भिंती, लोखंडी कपाटामागे ठेवलेला राउटर, टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंडून तापलेला राउटर, हीच नेहमीची कारणं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोहोचतो पण अपार्टमेंटमध्ये शेजारपाजारच्या सगळ्यांची त्यात गर्दी असते. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जे मोकळं असेल ते लावा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण एका भिंतीपलीकडे मान टाकतो. व्हॉट्सअॅप चालतंय आणि वेबसाइट उघडत नाहीत, असं झालं तर डीएनएस बदलून बघा. एवढं पुरे.

एक गोष्ट अजिबात करू नका. फोनवरचा माणूस घाईत म्हणतो, "पाठीमागे बारीक भोक आहे, टाचणीने दहा सेकंद दाबा." ते रीसेट. त्याने कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जाऊ शकतं. मग अधूनमधून जाणारं नेट कायमचं जातं आणि लाइनमन येईपर्यंत तुम्ही बसा. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं.

आता आमच्या गल्लीचं. माझं काम कर सल्लागाराचं. जीएसटीचं ३बी विवरणपत्र महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं असतं, उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, शून्य उलाढाल असली तरी २०. पोर्टल तुमच्या गल्लीतलं नेट गेलं होतं का हे विचारत नाही. त्यामुळे मला हौस म्हणून नव्हे, धंद्यापोटी वही घालावी लागली. तारीख, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, कुठला दिवा विझला, घरात लाइट होती का. एकोणीस दिवसांत ३१ वेळा नेट गेलं. त्यातल्या २६ वेळा वॅनचा दिवा विझलेला होता आणि आमच्या घरात लाइट होती.

मागच्या गल्लीतली बिल्डिंग वेगळ्या फीडरवर आहे हे आम्हाला ठाऊक होतं, कारण भारनियमनात त्यांचे दिवे लागलेले आणि आमच्याकडे अंधार, हे आपण वर्षानुवर्षं बघतोय. तिथे राहणाऱ्या माझ्या एका अशिलाला म्हटलं, तुमच्याकडे लाइट कधी गेली तेवढी वेळ मला मेसेज करत जा. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं. त्यांची लाइट जाते आणि आमचं नेट जातं. आमच्या गल्लीतल्या चाळीसेक घरांचा स्विच त्यांच्या गच्चीवर, त्याला वीज त्यांच्या जिन्यातल्या प्लगमधून, आणि डब्यात जी बॅटरी असायला हवी ती केव्हाच मेलेली. लाइट दोन मिनिटं गेली तरी डबा परत उठून सगळ्यांना लॉगिन देईपर्यंत आणखी पाच मिनिटं. सोसायटीच्या लोकांचं म्हणणंही चुकीचं नाही. जिन्याचं मीटर सोसायटीचं, तीन वर्षं डबा त्यावर चालतोय, कंपनीने एक रुपया दिलेला नाही, मग बॅटरीचा खर्च आम्ही का करायचा?

म्हणजे चाळीस घरं दरमहा पैसे भरतात, तेही आगाऊ, त्यावर १८ टक्के जीएसटी. पॅकची मुदत संपली की त्या रात्रीच नेट बंद होतं, एक दिवसाची सवलत नसते. आणि एवढ्या सगळ्याचा भार एका फुकटच्या प्लगवर.

मी या वहीच्या आधारे तक्रार केली. पहिल्यांदा शेरा आला, "ग्राहकाच्या उपकरणात दोष, तक्रार बंद." दुसऱ्यांदा लाइनमन आला तेव्हा नेट चालू होतं, म्हणून "सेवा सुरळीत, तक्रार बंद." तुटक नेटची हीच गोम आहे. दोन दिवस सलग बंद राहिलं तर त्याला बिघाड म्हणतात. दिवसातून सहा वेळा सात-सात मिनिटं गेलं तर माणूस येईपर्यंत ते आलेलं असतं, आणि तुम्ही कटकटे ग्राहक ठरता.

इथे लाइनमन पोरांबद्दल चार शब्द. त्यांच्यावर ओरडू नका. स्कूटरवर शिडी, पाठीला फायबर जोडायचं मशीन, पावसात खांबावर, आणि पैसे बहुतेकांना कामागणिक. बॅटरी बसवायचा अधिकार त्याच्याकडे नाही, "राउटर बदला" हे वाक्यही त्याने शोधलेलं नाही. आमच्याकडे आलेल्या पोराने तर खाजगीत सांगितलं की डब्याच्या बॅटरीचं त्याने वर्षभरापूर्वीच वर कळवलं होतं. त्याची तरी नोंद कुठे असणार? फायबरवाल्यांनी मात्र तो आला की मीटर लावून घ्यावं आणि आकडा विचारावा. वजा १८, वजा २२ असा असतो. वजा २७ च्या पलीकडे गेला की साध्या डब्याला सिग्नल पकडणं जड जातं. त्या आकड्याचा फोटो काढा. लाजायचं काय त्यात? डॉक्टर बीपी बघतात तेव्हा आपण विचारतोच की किती निघालं.

आता कायदा काय म्हणतो. ट्रायची २०१२ ची तक्रार निवारण नियमावली आहे. मोठ्या कंपन्यांना ती बंधनकारक आहे. तक्रार केली की डॉकेट नंबर मिळालाच पाहिजे. निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील करता येतं, त्याला फी नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ब्रॉडबँडच्या सेवेचा दर्जा मोजण्याचे नियम २००६ पासून आहेत. तेव्हाच त्यांत लिहिलं होतं की बिघाड तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त रखडला तर ७ दिवसांचं भाडं परत, सात दिवसांच्या पुढे गेला तर १५ दिवसांचं, पंधराच्या पुढे महिन्याचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवी नियमावली आली, दुरुस्तीची मुदत तिच्यातही ठरलेली आहे. आपल्यापैकी कुणाला कधी एका दिवसाचं भाडं परत मिळालंय? कारण मुदत मोजायला सुरुवात होते नोंदवलेल्या तक्रारीपासून. ग्रुपवरच्या "दादा नेट बघा ना"पासून नव्हे.

याच्या पुढे ग्राहक आयोग आहे. टेलिकॉमचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कुणी तोंडावर फेकलं तर सांगा, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो प्रश्न निकाली काढलाय, चालतात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून बघता येतो.

या सगळ्यासाठी एक कागद लागतो आणि तो आपल्या गावात निम्म्या लोकांकडे नाही. बिल. आपण केबलवाल्याला यूपीआय करतो, तो "मिळाले" म्हणून अंगठा पाठवतो, विषय संपला. पण करार कुणाशी आहे? लायसन्स कंपनीचं, केबलवाला तिचा फ्रँचायझी. बिल नसेल तर कंपनीच्या वहीत तुम्ही आहात की नाही हेही सांगता येत नाही. या महिन्यापासून बिल मागा. जीएसटी नंबर असलेलं, तुमच्या नावाचं. तो कुरकुर करेल. करू दे.

आणि नगरपरिषदेने हात झटकू नयेत. गटाराच्या, पाण्याच्या पाइपलाइनच्या प्रत्येक खोदकामात फायबर तुटते, ठेकेदार माती लोटून मोकळा होतो. खोदण्याआधी कुणाची केबल खाली आहे ते कळवायचं अॅप, 'कॉल बिफोर यू डिग', केंद्राने मार्च २०२३ मध्येच काढलं. आपल्याकडच्या किती ठेकेदारांनी ते मोबाईलमध्ये घेतलंय, हे पुढच्या सभेत नगरसेवकांनी विचारावं. वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ घालायला काही खर्च नाही. तसंच, कुठल्या बिल्डिंगच्या गच्चीवर कुणाचा डबा आहे, त्याला वीज कुठून, बॅटरी आहे का, याची यादी कंपन्यांकडून मागवून फलकावर लावली तर आमच्यासारख्यांना हेरगिरी करावी लागणार नाही.

कुणी म्हणेल, मोबाईलचा डेटा आहे की, एवढं काय? आहे. पण अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. पसंतीक्रम भरायच्या शेवटच्या संध्याकाळी माझ्या ऑफिसात तीन पोरं त्यांच्या आयांसह बसली होती, कारण गावात आत मोबाईलला धड रेंज नाही आणि घरचं नेट जात-येत होतं. दाखले, सातबारा, शिष्यवृत्ती, केवायसी, सगळं सरकारने ऑनलाइन करून टाकलंय. शेवटची तारीख सरकार ठरवतं, दंड सरकार लावतं, आणि तिथवर पोहोचायचा रस्ता जिन्यातल्या प्लगवर सोडून देतं. डांबरी रस्त्यावर खड्डा पडला तर आपण मोर्चा काढतो. इथे खड्डा दिसत नाही एवढंच.

आमच्या डब्याला नवी बॅटरी बसली. अपील केल्याच्या आठव्या दिवशी. मेलला वहीच्या पानांचे फोटो आणि वॅनच्या दिव्याचे अकरा फोटो जोडले होते. त्यानंतर फोनवर कुणी राउटर बदला म्हणालं नाही. सोसायटीलाही महिन्याला काही रक्कम ठरवून द्यायचं कबूल झालंय, ते अजून कागदावर यायचंय. राउटरच्या पैशांबद्दल कंपनी गप्प आहे. काकूंची आणि बाकी चौघांची पावती आहे, त्यांच्या तक्रारी बंद करताना मारलेले चुकीचे शेरे आहेत. आधी कंपनीला पत्र, नाही ऐकलं तर जिल्हा आयोगात जाणार आहोत.

बाजारपेठ, स्टँडमागची वस्ती आणि नदीकडच्या कॉलनीतूनही अशाच तक्रारी कानावर येतायत. दहा-बारा दिवसांची वही घाला, दिव्यांचे फोटो घ्या, शेजाऱ्याचं त्याच वेळी गेलं का ते लिहा, आणि कस्टमर केअरचा डॉकेट नंबर जपून ठेवा. रविवारी सकाळी दहा ते एक मी ऑफिसमध्ये आहे. वही, बिल आणि डॉकेट नंबर घेऊन या, अपील आपण तिथेच बसून लिहू. पंधरा मिनिटांचं काम आहे. ज्यांच्याकडे बिल नाही त्यांनी शनिवारपर्यंत केबलवाल्याकडून मागून घ्या.